हेमाद्री, बहात्तरचा दुष्काळ आणि एक पुरणपोळी

मंडळी, 'साखरपुडा' हा शब्द कधी नीट ऐकलाय? पुडा, तोही साखरेचा. दोन घराण्यांमधला एवढा मोठा करार पक्का करायचा आणि शब्दात शिल्लक काय राहिली, तर साखरेची पुडी! 'तुझ्या तोंडात साखर पडो' म्हणतो आपण. 'साखरेचं खाणार त्याला देव देणार' हेही आहेच. ज्या भाषेत साखर आशीर्वादात येते, त्या भाषेच्या लोकांना ती रोज मिळत नसणार, हे ओळखायला इतिहासकार व्हायची गरज नाही. 'तुझ्या तोंडात ज्वारी पडो' असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही :-)

आजचा विषय साखर. कारण घरचं आहे. माझ्या आईला २०१५ पासून मधुमेह आहे. आमच्याकडे मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात (पुण्या-मुंबईकडची मंडळी त्यांना गौरी म्हणतात). दुसऱ्या दिवशी महानैवेद्य असतो. पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कटाची आमटी, भजी, आणि ताटात उरलेली जागा भरायला आणखी काय काय. हे सगळं आई करते. चाळीसेक पुरणपोळ्या लाटते. आणि दर वर्षी पंगतीत कुणीतरी मावशी किंवा काकू म्हणतेच, "तू नको गं खाऊ, गोड खाऊनच झाला ना तुला!" आई हसते आणि पुढच्या ताटाकडे वळते.

आता मी पडलो इंजिनियर. एखादी गोष्ट बिघडली की 'रूट कॉज' शोधायची सवय. "गोड खाऊनच झाला" हे वाक्य कितपत टिकतं, ते तपासायचं मी ठरवलं. तपासता तपासता आमच्या गावापासून पंधराएक किलोमीटरवर जाऊन पोचलो, देवगिरीला.

देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. तेराव्या शतकात राजा महादेव आणि नंतर रामचंद्र यांच्या पदरी होता. त्याचं नाव आपल्याला हेमाडपंती देवळांमुळे माहीत असतं. बाजरी महाराष्ट्रात त्यानंच आणली अशीही दंतकथा आहे. पण त्याचं खरं मोठं काम म्हणजे 'चतुर्वर्गचिंतामणी' हा अवाढव्य ग्रंथ. त्यातल्या व्रतखंडात त्यानं शेकड्यांनी व्रतं गोळा केली आहेत. कुठल्या तिथीला काय करायचं, काय दान द्यायचं, काय खायचं, काय नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर सणावारांचा डेटाबेस.

गंमत पुढे आहे. याच हेमाद्रीनं वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या वैद्यकग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. म्हणजे सणाला काय खावं हे जमवणारा आणि ऊस, गूळ, खडीसाखर यांचे गुणदोष समजावून सांगणारा माणूस एकच! त्या मूळ ग्रंथात गुळाबद्दल स्पष्ट आहे, की जुना गूळ पथ्याचा, नवा गूळ कफ वाढवणारा. आणि प्रमेहाची कारणं सांगताना गोड, आंबट, खारट, स्निग्ध, जड पदार्थ, नवं धान्य, ऊस, गूळ, दूधदुभतं अशी यादी येते, आणि त्याच दमात एकाच जागी बसून राहण्याची आवड येते. आयटीवाल्यांनो, वाचताय ना? खुर्ची तेव्हाही आरोपीच्या पिंजऱ्यात होती.

म्हणजे बघा, गोडाचा आणि या आजाराचा संबंध आपल्याकडे फार जुना, माहितीतला. सुश्रुतानं तर प्रमेहाचे दोन प्रकारच केले होते. एक जन्मजात, दुसरा चुकीच्या आहारविहारातून येणारा. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो आणि दुसऱ्या प्रकारचा स्थूल, असंही त्यानं नोंदवलं. उपाय म्हणून गरिबानं शंभर योजनं चालावं, इतर कुणी विहीर खणावी अशा अर्थाचा सल्ला आहे. थोडक्यात, हलवा शरीर. औषध म्हणून हे सगळं आज पुरेसं आहे असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं वाचू नका. मुद्दा एवढाच, की हे सगळं माहीत असूनही त्या लोकांनी सणातलं गोड रद्द केलं नाही. त्यांनी त्याला तिथी दिली. व्रतखंडाच्या जगात एकभुक्त आहे (दिवसातून एकदाच जेवण), नक्त आहे (फक्त रात्रीचं जेवण), उपवास आहे, आणि मग पारणं आहे. मेजवानी होती, पण तिला आधी आणि नंतर कुंपण होतं. आणि कुंपणापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे टंचाई होती.

साखर करायची कला मूळची इथलीच. संस्कृत 'शर्करा' म्हणजे खडे, वाळू. तोच शब्द फिरत फिरत 'शुगर' झाला, आणि 'खंड' फिरत फिरत 'कँडी'. इसवी सन ६४७ मध्ये चीनच्या सम्राटानं साखर बनवायचं तंत्र शिकायला मगधात माणसं पाठवली होती. (तंत्रज्ञान निर्यात करायचा धंदा आपण आयटीच्या बराच आधी सुरू केला होता.) पण तंत्र असणं वेगळं आणि घरोघरी डबा भरलेला असणं वेगळं. सामान्य घरात गोड म्हणजे गूळ, तोही सणाला नाहीतर पाहुणा आला तर.

हे बदललं ते अगदी अलीकडे. १९३२ साली सरकारनं देशी साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण दिलं, आणि महाराष्ट्रात खाजगी कारखाने वाढले. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीला, म्हणजे प्रवरानगरला, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. इकडे आमच्या पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या. पाणी आलं, ऊस आला. तरीही साखर लगेच मुबलक झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, तिच्यावर सरकारी नियंत्रण आलं. नंतरही कित्येक दशकं ती रेशन कार्डावर मोजून मिळे, आणि दिवाळीला जादा साखर मिळणार ही बातमी असे, बातमी! कारखान्यांनी रेशनसाठी स्वस्तात साखर द्यायचं बंधन तर २०१३ साली उठलं. आणि २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं 'आनंदाचा शिधा' वाटला तेव्हा शंभर रुपयांच्या त्या पिशवीत रवा, चणाडाळ आणि पामतेलाबरोबर एक किलो साखर होतीच. दिवाळी म्हणजे साखर हे समीकरण सरकारलाही पाठ आहे.

आता रेशनवरून आठवलं म्हणून एक परदेशातलं उदाहरण. ब्रिटनमध्येही युद्धामुळे साखर रेशनवर होती. ते रेशन १९५३ मध्ये उठलं आणि माणशी साखर अल्पावधीत जवळजवळ दुप्पट झाली. त्या सुमारास, थोडं आधी आणि थोडं नंतर, जन्मलेल्या लोकांची तुलना करणारा अभ्यास २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. गर्भात असताना आणि पहिल्या एक-दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला रेशनची साखर आली, त्यांच्यात पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसला, आणि ज्यांना झाला त्यांनाही साधारण चार वर्षं उशिरा. विचार करा, रेशनच्या काळातही त्या लोकांनी नाताळ साजरा केला, वाढदिवसाचे केक कापले. फरक पडला तो रोजच्या मापाचा.

इथपर्यंत वाचून मावशी म्हणेल, "मग मी काय वेगळं म्हणतेय? साखर वाईटच ना!" थांब मावशी. आता आईच्या जन्माकडे येऊ.

आई १९७३ च्या मार्चमधली. वैजापूर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात जन्मली. तारीख बघितली की मराठवाड्यातल्या कुणालाही कळेल, की बहात्तरच्या दुष्काळातलं लेकरू. पाऊस सलग फसलेला, विहिरी आटलेल्या. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. पुढे याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. माझी आजी पोटुशी असताना खडी फोडायला जात होती. खायला अमेरिकेतून आलेला लाल मिलो, आणि कामावर मिळणारी सुकडी. आजी सांगायची, "मिलोची भाकर तव्यावर बी लाल अन् ताटात बी लाल. पोट भरायचं, पण खाल्ल्यावानी वाटायचं नाही." त्या वर्षी त्यांच्या घरी पुरण शिजलंच नाही.

आता पुण्यात चला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तो अजूनही जगभर उल्लेखला जातो. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची होती आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानानं टिकून. म्हणजे वजनानं बारीक, आतून मेदवाली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपला फोटो देऊन विज्ञान समजावणं मला तरी जाम आवडलं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे उपासमार झाली. तेव्हा गर्भात असलेल्यांची मोठेपणी तपासणी केली, तर त्यांच्या शरीराला साखर हाताळणं जड जात होतं, हेही १९९८ मध्ये छापून आलंय. पोटात असताना ज्याला टंचाईची सवय लागली, त्याच शरीरावर पुढे मुबलकता येऊन आदळते.

एका माणसाकडे बोट दाखवून 'तुला दुष्काळामुळेच झाला' असं कुणालाच सांगता येत नाही, मीही सांगत नाहीये. आनुवंशिकता आहे, वय आहे, बैठं काम आहे. पण मग 'तुला गोड खाऊनच झाला' असं तरी कशाच्या जोरावर सांगता? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला, आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. एवढे सगळे काय चोरून पुरणपोळ्या खात होते?

बरं, आता थोडं गणित. आमच्या घरचं माप म्हणजे एक किलो चणाडाळीला एक किलो गूळ आणि त्यात चाळीस पोळ्या. म्हणजे एका पोळीत २५ ग्रॅम गूळ. होळी, पाडवा, आखाजी, पोळा, महालक्ष्म्या, दसरा, असे वर्षात पुरणाचे सात दिवस धरा, दिवसाला दोन पोळ्या. झाले ३५० ग्रॅम. आता ऑफिसातला चहा. दिवसाला तीन कप, कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम. दिवसाला ३० ग्रॅम, वर्षाला जवळजवळ ११ किलो. बिस्किटं, कोल्ड्रिंक, टीममधल्या कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक अजून धरलेच नाहीत. सर्व्हरवर वर्षातून सात वेळा लोड वाढला म्हणून आपण काळजी घेतो, तयारी करतो. पण रोजचाच लोड ऐंशी टक्क्यांवर असेल तर दोष त्या सात दिवसांना देऊन कसं चालेल? एचबीए१सी ही तपासणीसुद्धा साधारण दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवते, एका दुपारचा नाही.

मग पूर्ण बंदीची कल्पना आली कुठून? इन्सुलिनच्या आधी खरोखर दुसरा इलाज नव्हता. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवत असत. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, आणि चित्र बदललं. तरी साखरेवरची बंदी पुढे सत्तर वर्षं टिकली. १९९४ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं आपला आहारसल्ला बदलला. एकटी साखर मोजू नका, ताटातली एकूण कर्बोदकं मोजा, साखर त्या हिशेबात बसवता येते, असा त्याचा सारांश. माझ्या मावशीपर्यंत हे अजून पोचायचंय.

पण या हिशेबाची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. पुरणपोळीत गूळ, डाळ आणि कणीक मिळून माझ्या अंदाजानं ५०-५५ ग्रॅम कर्बोदकं होतात. म्हणजे एक पुरणपोळी साध्या अडीच पोळ्यांच्या बरोबरीची. 'गुळाची आहे, चालते' हे चालत नाही, गुळातही बहुतांश साखरच असते. 'शुगर फ्री' पाटी लावलेल्या मिठाईत मैदा, खवा आणि तूप तसंच असतं. आणि सणाच्या आदल्या दिवशी कडक उपवास करणं हे इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणारी गोळी घेणाऱ्यांसाठी धोक्याचं, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. आमच्या शहरात हा प्रश्न रमजानमध्येही तितकाच असतो. रोजे आणि मधुमेह यावर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली, २०२१ मध्ये सुधारली. शीरखुर्म्याची वाटी असो की पुरणपोळी, औषधाची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना सणाच्या आधी विचारायची. सण झाल्यावर विचारून काय उपयोग!

मागच्या वेळी आईनं आणि मी मिळून ताटाचा क्रम बदलला. आपल्याकडे पंगत वरणभातानं सुरू होते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कला ११ रुग्णांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं, की आधी भाज्या आणि प्रथिनं, मग कर्बोदकं असं खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. आणि आमच्या ताटात तर सोळा भाज्या हजर! मग आईनं आधी भाज्या आणि कोशिंबीर घेतली, मग कटाची आमटी, मग एक पुरणपोळी तुपाबरोबर. भात घेतलाच नाही. नंतर दोघं कॉलनीत वीस मिनिटं चालून आलो. दोन तासांनी मीटरवरचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत आला. एका आकड्याचा सिद्धांत होत नाही, हे मला कळतं. प्रत्येकाचं शरीर, औषध, मर्यादा वेगळी. पण दहा वर्षांनी ती पंगतीत बसून जेवली, हे मीटरवर दिसत नसलं तरी मी मोजलंय.

आणि सणाचं खाणं म्हणजे फक्त गोड, हा समजही आपण अलीकडे मिठाईच्या दुकानांकडून उसना घेतलाय. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी, वेळा अमावस्येची भज्जी आणि आंबील, महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या. हे सगळं सणाचंच आहे, आपलंच आहे. भाकरीतही कर्बोदकं असतात, पण निदान त्यासाठी साखरेचा डबा उघडावा लागत नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्याही घरी कुणी आई, बाबा, आत्या, काका या आजाराबरोबर राहत असतील. आपल्यातलेही काही जण कंपनीच्या वार्षिक तपासणीत उंबरठ्यावर निघाले असतील (हात वर करू नका, माहितीय मला). सोमवारी चहात एक चमचा कमी घाला, लिफ्ट सोडा, खुर्चीतून उठा. महालक्ष्म्यांच्या दिवशी मात्र ज्यांनी चाळीस पोळ्या लाटल्या त्यांना एक हक्कानं, मोजून, वाढा. आणि वाढताना 'गोड खाऊनच झाला' हे वाक्य तेवढं ताटाबाहेर ठेवा.

असो. बराच लांबला लेख. चहा झालाय, बिनसाखरेचा. भेटू पुढच्या शनिवारी.